कारणाच्या रकान्यात खरं लिहा

माझ्या धाकट्या भावानं २०२३च्या पावसाळ्यात जीव द्यायचा प्रयत्न केला. तो वाचला. आज तो गावातच असतो, वडिलांबरोबर शेती बघतो आणि तालुक्याच्या ठिकाणी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना इतिहास शिकवतो. हे लिहू का, असं विचारल्यावर त्यानं अटी घातल्या. त्याचं नाव नको, गावाचं नाव नको आणि त्यानं काय केलं, कसं केलं, त्याचा एक शब्दही नको. पहिल्या दोन अटी आमच्या घरासाठी आहेत. तिसरी त्यानं वाचणाऱ्यांसाठी घातली. त्या विचाराशी झगडत असलेल्या एखाद्याला अशा वर्णनातून मार्ग सापडू शकतो, हे त्याला उपचार घेताना समजलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माहेर बार्शी तालुक्यातलं. त्या रात्रीनंतर आम्हाला बऱ्याच माणसांपुढे उभं राहावं लागलं. दवाखान्यातले डॉक्टर, पोलीस, वार्ताहर, नातेवाईक, शेजारी, औषधाच्या दुकानातला मुलगा. दर वेळी आमच्यापुढे एकच प्रश्न असायचा, खरं सांगायचं की झाकायचं. झाकल्यानं घराची अब्रू राहते असं आपण धरून चालतो. माझं मत आता पक्कं झालंय. घरच्यांनी झाकलं की त्याचा भुर्दंड आजारी माणसाला पडतो, आणि तोही त्याच्या उपचारांत पडतो. ते कसं, तेवढंच मला सांगायचंय.

पहिला दवाखाना तालुक्यातला, खासगी. गाडीतून उतरवायच्या आधीच काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काय झालंय?" आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी, खरं सांगितलं आणि त्या माणसाचा चेहरा बदलला. "ही एमएलसी केस आहे, पोलीस येणार, आमच्याकडं नको. सरकारीत न्या." एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस. प्रथमोपचारसुद्धा न करता त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. तातडीच्या रुग्णाला पोलिसांच्या कागदासाठी थांबवायचं नाही, आधी जीव वाचवायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं ते कर्तव्य आहे. मला हे त्या रात्री ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे, म्हणून सांगतेय. कुणावर अशी वेळ आली तर काउंटरसमोरून हलू नका, आधी उपचार सुरू करा म्हणून तिथंच अडून बसा.

पुढच्या रस्त्यात तात्या म्हणाले, "आता तिथं चुकून झालं म्हणून सांगायचं. नाहीतर पोराची केस हुईल. सरकारी नोकरीचा फॉर्म भरतंय ते, जलमभर डाग राहील." ते वाईट मनानं बोलत नव्हते. आत्ताच एका दारातून परत फिरवलं गेलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. आई तोंडाला पदर लावून बसली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, भावाचे पाय मांडीवर घेऊन गप्प होते.

सरकारी दवाखान्यात अपघात विभागात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कसं झालं?" तात्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "त्यानं स्वतः केलंय, मॅडम." त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. ना भुवया वर गेल्या, ना आवाज बदलला. किती वाजता, आधी कधी असं झालं होतं का, झोप कशी होती, दारू वगैरे काही, इतकंच विचारलं.

त्या एका ओळीचं महत्त्व मला पुढच्या आठवड्यात कळलं. केसपेपरवर खरं लिहिलं होतं म्हणून शरीर सावरल्यावर त्याला थेट घरी सोडलं नाही, मनोविकार विभागाकडे पाठवलं. शेजारच्या कॉटवरच्या एका बाईंच्या कागदावर 'अपघात' असं होतं. त्यांच्या सासूला, नवऱ्याला, सिस्टरना, सगळ्या वॉर्डाला खरं काय ते माहीत होतं. दोन दिवसांनी बाई बऱ्या झाल्या, घरच्यांनी डिस्चार्ज मागितला आणि त्यांना घेऊन गेले. त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. बोलायचं कारणच कागदावर नव्हतं. त्या बाईंचं पुढं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. आधी एकदा प्रयत्न झालेला असणं हीच पुढच्या धोक्याची सगळ्यांत मोठी खूण असते आणि दवाखान्यातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक असतात, असं आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. नेमक्या त्याच आठवड्यांत त्या बाई 'अपघात' होऊन घरी बसल्या असणार.

सकाळी पोलीस चौकीतून जमादार आले. तात्या बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोक्यात भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात बसलेली ही भीती. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झालेला आहे. त्याचं कलम ११५ म्हणतं की वेगळं काही सिद्ध होत नाही तोवर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. उलट तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जमादार मला म्हणाले, "गुन्हा काही होत नाही ताई, पण कागद करावा लागतो." डॉक्टरांनी बोलण्याच्या स्थितीत असल्याचं लिहून दिल्यावर त्यांनी भावाचा जबाब घेतला. कुणाचा त्रास होता का, कुणी भाग पाडलं का, हे विचारलं, त्याला वाचून दाखवलं, सही घेतली आणि गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तर ते जुनं ३०९ कलमच उरलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं एक कलम तेवढं ठेवलंय. हे गावोगाव चावडीवर लिहून लावायला हवं. केसच्या भीतीनं माणसं दवाखान्याऐवजी घरात झाकून ठेवतात आणि त्यात जीव जातात.

वार्ताहराचा फोन आला तो दुपारी. "परीक्षेतील अपयशातून तरुणाचा" अशी ओळ त्यानं तयारच ठेवली होती. मी त्याला म्हटलं, तो उपचार घेतोय, त्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती छापता येत नाही. तेवढ्यात वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला शांतपणे समजावलं. प्रेस कौन्सिलनं २०१९ साली आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्यात. पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, एकाच कारणावर बोट ठेवू नका, मदत कुठं मिळेल ते द्या. बातमी आली नाही. आमच्या भागातल्या अनेक वार्ताहरांना या सूचना कुणी कधी दाखवल्याच नसाव्यात, असं मला वाटतं. त्या मुलाला मी दोष देत नाही.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र काय करावं ते कळेना. आपल्याकडे दवाखान्यात भेटायला जाणं ही माणुसकी. पण येणारा प्रत्येक जण कॉटच्या पायथ्याशी उभा राहून तेच म्हणायचा. एवढा शिकलेला आणि असं केलंस? आईबापाचा तरी विचार करायचास. आता असा येडेपणा करणार नाही असं वचन दे बरं. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शेवटी सिस्टरांनीच गर्दी बंद केली. त्यातही पुण्याहून, जिथं भाऊ परीक्षांची तयारी करत होता, त्याचा खोलीतला मित्र रात्रीच्या एसटीनं आला होता. तो स्टुलावर बसला आणि मेसवाल्या मावशींनी भाव वाढवल्याचं, अभ्यासिकेतल्या त्याच्या खुर्चीवर आता एक घोरणारा मुलगा बसतो त्याचं बोलत राहिला. "काय करू तुझ्यासाठी?" असं त्यानं एकदाच विचारलं. भाऊ म्हणाला, "जरा बस अजून." दवाखान्यात आल्यापासून त्यानं स्वतःहून काढलेले ते पहिले शब्द होते.

मनोविकार विभागाची ओपीडी त्याच इमारतीत, एका लांब बोळाच्या टोकाला आहे. बाकावर बसलेल्यांत कितीतरी जणी स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधून होत्या. एक गृहस्थ बोळाच्या अलीकडे, डोळ्यांच्या विभागापुढे बसले होते आणि नाव पुकारलं की उठून इकडे येत होते. आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी भावाकडे बघून सरळ विचारलं, "आत्ता मरावंसं वाटतंय का?"

आई दचकली. "साहेब, त्याला आठवण नका देऊ."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, विचारल्यानं हा विचार मनात येत नाही. तो आधीच असतो. विचारलं की तो एकट्यानं वाहायचा राहत नाही." आणि पुन्हा भावाकडे वळून तोच प्रश्न विचारला.

तो बोलायला लागला. जवळजवळ तासभर बोलला. मी त्याची सख्खी बहीण, पाठीमागून आलेला तो माझ्या कडेवर वाढलेला, तरी त्यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. वर्षभरापासून पहाटे तीनला जाग यायची ती यायची. पुस्तकाचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचा. फेब्रुवारीत पुण्यात नव्या परीक्षा पद्धतीविरुद्ध मुलांचं आंदोलन झालं तेव्हा तोही रस्त्यावर होता, सगळे पेटून घोषणा देत होते आणि त्याला आतून काहीच वाटत नव्हतं, ना राग, ना आशा. आपण घरावर ओझं झालोय, आपण नसलो तर आप्पांचं कर्ज तरी लवकर फिटेल, असा हिशेब डोक्यात चालायचा. त्यानं एका समुपदेशकाचा नंबर शोधला होता. लावलाही होता. पण खोलीत तिघं राहायचे, बाकीचे ऐकतील म्हणून पलीकडून "नमस्कार" ऐकू येताच कट केला. मानसिक उपचारांचा कागद झाला तर फौजदार पदाच्या वैद्यकीय तपासणीत आपण बाद होऊ, अशीही धास्ती त्यानं घेतली होती. म्हणजे मदत हाताशी होती आणि बदनामीच्या भीतीनं तो तिच्यापासून लांब राहिला.

आप्पांनी विचारलं, "परीक्षेमुळंच ना, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले की एकाच कारणानं असं होत नाही. लाखो मुलं नापास होतात. डिप्रेशन हा आजार त्याला आधीपासून जडलेला होता, परीक्षेनं, एकटेपणानं, पैशाच्या ओढाताणीनं तो वाढला. आजार आहे म्हटल्यावर आप्पांचे खांदे थोडे खाली आले. त्यांना वाटत होतं, पोरगं आपल्यावर रागावून गेलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद त्याच्याकडूनच लिहून घेतला. तब्येत बिघडायला लागली की आधी काय जाणवतं, तेव्हा तो स्वतः काय करू शकतो, कुणाकडे जाऊन बसू शकतो, कुणाला फोन करायचा, आणि घरातल्या कुठल्या गोष्टी त्याच्या हाताशी ठेवायच्या नाहीत. शेवटचा मुद्दा आप्पांसाठी होता. फवारणीची सगळी औषधं लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली घरात ठेवू नका. यात अविश्वास नाही, डॉक्टर म्हणाले. तो विचार उसळी मारून येतो आणि बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, त्या वेळेत धोक्याची वस्तू हाती लागली नाही तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, हे उदाहरण त्यांनी दिलं.

पण किल्ली घरात ठेवायची नाही, तर ठेवायची कुठं? शेजारच्या वस्तीवरच्या अण्णांकडे. आणि अण्णांना काय सांगायचं? ते विचारणारच, बाबा, तुझ्या पेटीची किल्ली माझ्याकडं का? आई म्हणाली, सांगा चोऱ्या होतायत म्हणून. आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी किल्ली घेऊन गेले. परत आल्यावर आईला म्हणाले, "सांगितलं मी. पोराला डिप्रेशन झालंय, त्यानं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता, डॉक्टरनं किल्ली बाहेर ठिवा म्हणलंय. खोटं सांगितलं असतं तर एखाद्या दिवशी पोरगं मागायला गेल्यावर अण्णानं दिली असती की."

आमच्या घरातलं कुलूप त्या वाक्यानं उघडलं असं मी मानते. माझे वडील दहावी नापास. त्यांनी कुठलं शिबिर केलेलं नाही, पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की खोटं सांगितलं तर उपाय चालणार नाही.

त्याउलट कसं होतं तेही आम्ही अनुभवलं. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त. आधी नुसता त्रास जाणवतो. मळमळ, तोंड कोरडं पडणं, बेचैनी. तेव्हा लक्ष ठेवायचं, विशेषतः तरुण मुलांवर, आणि काही वेगळं वाटलं तर लगेच दाखवायचं. मग हळूहळू त्याला झोप लागायला लागली, भाकरी गोड लागायला लागली. आणि त्याच सुमारास चुलतबहिणीचं लग्न आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. तात्या म्हणाले, "गोळ्या कुणाला दिसू देऊ नको, नव्या पाहुण्यांसमोर नको." खिशात ठेवल्या तर विचारतील, पिशवीत ठेवल्या तर कुणी पिशवी उचकेल, अशात त्यानं दोन-तीन दिवस गोळ्या घेतल्याच नाहीत. वरातीच्या दिवशी त्याला चक्कर येऊ लागली, डोक्यात झटके बसल्यासारखं होऊ लागलं, रडू आवरेना. अशा गोळ्या एकदम बंद केल्या की शरीर असं करतं. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण त्या मनानं बंद करायच्या नसतात, बरं वाटल्यावरही कित्येक महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सांगण्यानं टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या असतात. लग्नानंतरची ती रात्र पुन्हा वाईट गेली.

त्याच रात्री त्यानं १४४१६ लावला. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो अंगणात खाटेवर बसून बोलत होता, मी दारात उभी होते. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, उपदेश केला नाही. आत्ता जीव द्यायचा विचार आहे का, काही ठरवलंय का, जवळ कोण आहे, असं सरळ विचारलं आणि मग फोन मला द्यायला सांगितला. रात्रभर एकटं ठेवू नका, उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्या, गोळ्या कधीपासून चुकल्यात ते त्यांना सांगा. एवढंच. पण रात्री दोन वाजता एवढंच हवं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तात्यांना डॉक्टरांसमोर बसवलं. तेव्हापासून गोळ्यांची पट्टी स्वयंपाकघरात, मीठ-मसाल्याच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी असते. पाहुणा आला आणि विचारलं तर आई सांगते.

आईचं मन वळायला वेळ लागला. तिला बाहेरचं काहीतरी वाटत होतं. कुणीतरी तिला एका देवऋष्याचं नाव सांगितलं, तो म्हणे आधी गोळ्या बंद करायला सांगतो. तिथं मी ठाम नाही म्हणाले. तुळजापूरला जायचं होतं, त्याबद्दल तिनं डॉक्टरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "जा की. गोळ्या बरोबर न्या." आईनं देवीसमोर काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही, पण येताना एसटीत तिनंच त्याला दुपारच्या गोळीची आठवण केली.

गावातल्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी आत्महत्या करणाऱ्यांवर बोलताना भ्याड, महापापी असे शब्द वापरले. भाऊ मंडपात होता. उठून गेला. आप्पा माळकरी आहेत, महाराजांना उलट बोलणं त्यांना शक्य नाही. पण रात्री पंगत उठल्यावर ते महाराजांजवळ गेले आणि म्हणाले, "महाराज, माझं पोरगं ऐकत होतं. ते आजारी आहे." महाराजांनी हात जोडले. पुढं त्यांनी कीर्तनात वेगळं काही सांगितलं का, मला माहीत नाही. तो दृष्टांत मात्र आमच्या गावात पुन्हा आला नाही.

मग लोक बोलायला लागले. हे मला अपेक्षित नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यात महाराष्ट्रातली २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे रोज साठांहून अधिक घरं. वाचलेले यात धरलेलेच नाहीत. इतकी घरं असताना आपल्याला आपलंच घर एकटं का वाटतं? बाकीची सगळी गप्प असतात म्हणून. अण्णांनी किल्ली घेतली तेव्हाच आप्पांना सांगितलं होतं की त्यांच्या मेव्हण्यानं असंच केलं होतं आणि तो वाचला नव्हता. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षण परिषदेत मी मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल बोलताना भावाचं सांगितलं. चहाच्या वेळी एक सर जवळ आले आणि आपली पत्नी बाळंतपणानंतर किती खचली होती ते सांगू लागले. त्यांनी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आणि एक दिवस गावातली माझ्याच वयाची एक मैत्रीण माहेरपणाला आलेली असताना घरी आली. आम्ही दुसरी-तिसरीत असताना तिची आई गेली. गावात सांगितलं होतं, पोटदुखीला कंटाळून. पेपरातही तेच आलं होतं. पोटदुखीला कंटाळून गेलेल्या किती बायका आपल्या जिल्ह्यांच्या बातम्यांत आहेत! ही मैत्रीण मोठी झाली, लग्न झालं, दोन मुलांची आई झाली, पण घरात आईचा फोटो नाही, वर्षश्राद्धाला नाव नाही, आईबद्दल विचारलं की आजी दुसरा विषय काढायची. तिला वाटायचं, आपल्यात काहीतरी कमी होतं म्हणून आई आपल्याला सोडून गेली. लहान पोरीला कुणी काही सांगितलं नाही की ती कारण स्वतःतच शोधते. ती माझ्या भावाशी बोलायला आली होती. तिनं त्याला विचारलं, "तेव्हा तुला घरच्यांची आठवण आली नाही का रे?" तो थोडा वेळ थांबला. म्हणाला, "आली. पण मला वाटत होतं मी गेलो तर त्यांचं चांगलं होईल. ते खरं नव्हतं, आजार तसं वाटायला लावत होता. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं." ती खूप रडली. मी तिला अडवलं नाही. तिनं नंतर आईचा एक जुना फोटो मामाकडून मिळवला आणि घरात लावला.

आमच्या शाळेत १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, पोस्टर लावतात. चांगलंच आहे. पण ज्याला मदत हवी असते तो पोस्टरजवळ थांबलेला कुणाला दिसायला नको म्हणून झपाझप पुढं जातो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. डॉक्टर कमी आहेत हे खरं, औषधं वेळेवर येत नाहीत हेही खरं, आणि त्यासाठी भांडलं पाहिजे. पण ओपीडीच्या त्या बोळात स्कार्फ बांधून बसलेल्या बायका आणि डोळ्यांच्या विभागापुढे थांबणारे ते गृहस्थ मला आठवतात. ते निदान तिथवर पोचले होते. माझा भाऊ फोन लावूनही पोचला नव्हता.

आता घरात त्याच्या लग्नाचं बोलणं चाललंय. गोळी कमी होत होत थोड्या मात्रेवर आलीय, डॉक्टरांची हरकत नाही. तात्या म्हणाले, स्थळाला आधी सांगायची गरज नाही, लग्नानंतर बघू. भाऊ म्हणाला, आधी सांगायचं, बघण्याच्या कार्यक्रमाच्याही आधी, आणि मीच सांगणार. पहिल्या स्थळानं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि कळवतो म्हणाले, कळवलं नाही. आईला ते फार लागलं. दुसऱ्या स्थळातली मुलगी परिचारिका आहे. तिनं फोनवर त्याला विचारलं, गोळी कुठली, मात्रा किती आणि आता झोप कशी लागते. तिचे वडील अजून विचार करतायत. येत्या रविवारी आप्पा आणि तात्या, दोघंही त्यांना भेटायला जाणार आहेत. या वेळी बरोबर येतो असं तात्या स्वतःहून म्हणालेत.